शांतता पाळणारी इमारत

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या काकांना सगळी इमारत ‘सेनापती’ म्हणायची आणि त्यांना ते मनातून आवडायचं. सरहद्दीवरची लढाई कित्येक वर्षं चालली होती. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की सेनापती खाली बाकावर येऊन बसत आणि कोणती टेकडी आधी घ्यायला हवी होती, ते काठीने मातीत रेघा ओढून दाखवत. कुणी जवान कामी आला की तळमजल्याच्या हॉलमध्ये फोटो, फुलं, दोन मिनिटं शांतता, त्यांचं भाषण आणि मग चहा. त्यात ढोंग नव्हतं. मात्र धाकट्या मुलाने सैन्यभरतीचं नाव काढलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब असा चढला की पोराने मुकाट्याने बँकेची परीक्षा दिली. काकू ही गोष्ट चारचौघांत काढत नसत, पण विसरल्याही नव्हत्या.

त्या उन्हाळ्यात हॉलच्या बरोबर वरच्या घरात दातांची डॉक्टरीण राहायला आली. तिचा नवरा याच लढाईत गेला होता. हे कळल्यावर इमारत हबकली आणि, खोटं कशाला बोला, थोडी हरखलीही. सेनापतींनी लगेच बैठक बोलावली. जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही, ताईंना पिशवी उचलू द्यायची नाही, आणि हॉलमधलं टेबल टेनिस बंद, कारण चेंडूची टकटक वर ऐकू जाते. टेबल दुमडून भिंतीला लावलं गेलं. जो तो तिच्याशी असा दबकून बोलू लागला, जणू ती आजारातून उठली आहे.

एका रविवारी ती स्वतःच सेनापतींच्या घरी आली. काकूंनी चहा टाकला. सेनापतींना तर हवंच होतं ते. पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता; ताईंनी व्यासपीठावर बसावं आणि साहेबांचा गणवेशातला एखादा रुबाबदार फोटो द्यावा, असं त्यांनी अदबीने सुचवलं. तिने मोबाइल पुढे केला. फोटोत एक जाडसर तरुण खुर्चीत गाढ झोपला होता, पोटावर टेबल टेनिसची बॅट.

‘‘हा माझा आवडता,’’ ती म्हणाली.

काकूंना हसू फुटलं आणि त्यांनी जीभ चावली. पण डॉक्टरीणही हसत होती. मग तिने येण्याचं खरं कारण सांगितलं. हे घर तिने घेतलं ते खालची टकटक ऐकून. दोघांची ओळखच टेबलापाशी झाली होती. आता इमारत इतकी गप्प होती की तिला झोप लागत नव्हती.

सेनापती म्हणाले, हे सगळं आदरापोटी केलं होतं.

‘‘आदर असू द्या, काका. तो अमर झाला, असं मला शेकडो लोकांनी सांगितलं. तो कसा होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.’’

प्रत्येक टेकडीवर तोडगा असलेला माणूस चहात चमचा फिरवत राहिला.

‘‘मग विचारा की आता,’’ काकू म्हणाल्या.

सेनापतींनी घसा खाकरला. ‘‘कसे होते?’’

लबाड होता, ती म्हणाली. सर्व्हिस करताना मुद्दाम काहीतरी विचारायचा, म्हणजे समोरच्याचं लक्ष उडायचं. बायको दातांची डॉक्टर, तरी दाढ दाखवायला घाबरायचा. पुढच्या सुट्टीत नक्की भरून घेतो म्हणाला होता.

‘‘ती राहिलीच,’’ ती म्हणाली.

चहा गरमच होता, तरी काकू तो गरम करायला उठल्या. सेनापतींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

‘‘आमच्या धाकट्याला जायचं होतं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘मी जाऊ दिलं नाही.’’

‘‘मला मुलगा असता तर मीही दिलं नसतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण मग काका, टेकड्या जरा जपून घेत जा.’’

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. फोटो तोच, झोपलेला, चांगला मोठा करून लावलेला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील उखडले. हुतात्म्याची ही थट्टा आहे, म्हणाले. सेनापतींनी त्यांना शांतपणे सांगितलं की तो माणूस असाच होता आणि फोटो त्याच्या बायकोने निवडला आहे. भाषणात रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढण्याचं काही आलं नाही. त्यांनी फक्त सर्व्हिसची लबाडी सांगितली, तीही अडखळत. लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदा डॉक्टरीण हसली आणि मग सगळा हॉल हसला. दाढेबद्दल सेनापती काही बोलले नाहीत. ते त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं.

चहा झाल्यावर टेबल मांडलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी सेनापतींना हरवलं, काकूंना मुद्दाम जिंकू दिलं आणि वकिलांना पार घामाघूम केलं. खेळ संपल्यावर वकील गाल धरून उभे राहिले आणि ओशाळून म्हणाले, खरं तर आठवडाभर दात ठणकतोय. तिने त्यांना तिथेच दिव्याखाली खुर्चीत बसवलं आणि आ करायला सांगितलं.