झुहरामायचं सुतक

“सुतक भाऊबंदनं लागस, योगराजभाऊ,” चपला घालत शेजारचे भिकननाना म्हणाले. “बाई आफ्रिकानी, तीबी मुसलमान. उगाच उपाशी बसू नका. चहा टाका.” आणि ते बाजाराला निघून गेले.

योगराज पाटलांनी चहा टाकला नाही. धरणगावात सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात, बायका दारावर रडायला येतात. पण या म्हणून सांगायची पद्धत नाही. म्हणून योगराज कालपासून पाण्यावर बसून होते.

उभी हयात त्यांनी स्वाहिली शिकण्यात आणि पुण्यात ती शिकवण्यात घातली. गावाला हे कधी पटलंच नाही. आफ्रिकेत गेलेल्या माणसानं हिरे आणावेत, निदान कापड विकावं. हा गडी तिथल्या म्हाताऱ्यांची रडगाणी टेपवर भरून घेऊन आला! लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. मोंबासाच्या झुहराबाईनं त्यांना आपल्या घरी जेवू घालून भाषा शिकवली. निवृत्त होऊन ते गावी परतल्यावरही दर शुक्रवारी तिचा फोन असायचा. तेवढ्या वेळापुरतं योगराजांना वाटे, आपण अजून कुणीतरी आहोत. काल तिच्या लेकीचा फोन आला. आता बोलायचं कुणाशी, भिंतीशी?

दुपारी समोरची बेबाबाई फडक्यात कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन आली. कालपासून या घरात भांडं वाजलं नाही, हे तिनं हेरलं होतं. कोण वारलं, तिनं विचारलं. योगराजांनी सांगितलं, सुतक लागत नाही म्हणतात, हेही सांगितलं.

“घरमा चूल पेटनी नही ना?” ती म्हणाली. “मंग सुतकच शे. नाव काय व्हतं मायनं?”

“झुहरा.”

बेबाबाई उंबऱ्याशी बसली, पदर तोंडावर घेतला आणि तिनं मोकळा गळा काढला. “झुहरामाय वं, पोऱ्याले एकला टाकी गई वं माय...”

सत्तरी ओलांडलेल्या या पोऱ्यानं असली कितीतरी रडगाणी ऐकली होती, त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आज त्यांना हुंदका आवरेना.

मग तिनं भाकर मोडून घास पुढे केला. तो हातात धरूनच ते बोलू लागले. झुहरा कशी हसायची, मासे कसे निवडायची, चुकलं की कान कसा धरायची. आपण स्वाहिलीत बोलतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बेबाबाईला एक अक्षर कळत नव्हतं. ते थांबले की ती “हां, मंग?” म्हणायची, आणि ऐकत राहायची.