उपासाच्या तिथी

हितेंद्रने माझी वही चोरली असं मी म्हटलं, की आमच्याकडे सगळे कानांवर हात ठेवतात. मावसभाऊच तर आहे, घरातलीच वस्तू घरात राहिली म्हणतात. घरातली वस्तू! मेहरूणच्या तलावावर मी कयाक शिकवते, म्हणजे एका माणसाची अरुंद, लांबट होडी. तलावात काय, पाणी जिथल्या तिथे असतं. मला समुद्र हवा होता, म्हणून तीन हिवाळे जळगावहून एसटीने एकटी कोकणात गेले. जिथे नुसते खडक आणि कडे आहेत, तिथे होडी कुठून पाण्यात घालायची, कुठे किनाऱ्याला लावायची, कोणता खडक कधी बुडतो, हे एकेक ठिकाण अंगाने अनुभवून लिहिलं. दोनदा उलटले, एकदा गुडघा फोडून घेतला. त्या वहीच्या पानापानावर माझं रक्त आटलंय.

तिकडच्या एका कोळीबाबांनी मला हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला सगळं उलटं, भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि तीही उधाणाची. म्हणून मी प्रत्येक नोंदीच्या कडेला तिथी लिहायचे. अष्टमी, एकादशी, चतुर्थी. ती नसेल तर बाकीचं लिखाण कुचकामी.

हितेंद्रने वही दोन दिवसांसाठी नेली. आठ महिन्यांनी जळगावात हॉल घेऊन त्याने पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर तो, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वल्हं. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, आणि माइकवर म्हणाला, "अक्कांनीही थोडीफार मदत केली." मी त्या शालीचं पायपुसणं केलं.

घरी येऊन पुस्तक वाचलं. शब्द न् शब्द माझा, तिथी मात्र एकही नाही. मी फोन केला. "कडेला लिहिलेलं कुठे गेलं रे?"

तो हसला. "ते तुमचे उपास होते ना, अक्का? एकादशी, चतुर्थी... पुस्तकात उपासांचं काय काम?"

मी जन्मात एक उपास केलेला नाही. माझ्याच घरी एकादशीला शेवभाजी ओरपणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तो "थोडीफार" शब्द मला अजून टोचत होता.

"हो रे," मी म्हटलं. "उपासच होते."

महिन्याभरात त्याची जाहिरात आली. खान्देशातल्या आठ जणांना घेऊन कोकणात काळाकडा मोहीम, दुपारी बाराला पुळणीवर जेवण. पुळण म्हणजे कड्याखालची वाळू. माझ्या वहीत लिहिलं होतं, 'दुपारी बारा, रुंद पुळण, उतरायला उत्तम.' ती नोंद अष्टमीची होती. याची मोहीम पौर्णिमेला होती. मी जाहिरात तीनदा वाचली आणि एसटीचं तिकीट काढलं. मला त्याचं तोंड बघायचं होतं, बाकी काही नाही. घाबरतील, परत फिरतील, आणि जळगावभर त्याची छी-थू होईल, एवढाच माझा हिशेब होता.

मी अकराला कड्यावर जाऊन उभी राहिले. साडेअकराला वाळूची शेवटची पट्टी बुडाली आणि लाटा थेट कड्यावर आपटू लागल्या. सांगते ते खरं सांगते, मला आनंद झाला. मग वारा सुटला, समुद्राकडून जमिनीकडे. ह्या वाऱ्यात त्यांना परत फिरता येणार नव्हतं. पावणेबाराला खडकाच्या टोकामागून होड्या दिसल्या आणि तिसऱ्या होडीतलं वल्हं मी ओळखलं. उजवा हात उंच उचलून मारायची ती सवय माझ्या दिपमालाची. पाचोऱ्याची मुलगी, तलावात माझ्याच हाताखाली शिकलेली. ती येणार हे मला माहीत नव्हतं.

हितेंद्रला मी कड्यावर दिसले. लगेच फोन वाजला. घाबरून तो घरच्या अहिराणीवर आला होता.

"अक्का, वाळू कोठे शे? पुस्तकमा तं लिखेल शे!"

उत्तरेच्या खडकामागे एक घळ आहे. भरतीतच तिथे पाणी शिरतं आणि होडी अलगद आत जाते. वही त्याने नेल्यानंतर मला सापडलेली जागा. एक वाक्य सांगायचं होतं.

"पुस्तक कोनं शे, ते पह्यले सांग," मी म्हटलं. पुस्तक कुणाचं, हे सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. "स्पीकर चालू कर. बठ्ठासले ऐकू येऊ दे."

"अक्का, हाई काय येळ शे का?"

"शे. हाईच येळ शे."

मी घळ सांगितली नाही. खाली होड्या एकमेकींवर आदळत होत्या, कुणीतरी रडत होतं. असा मिनिटभर तरी गेला असेल. मग फोनमधून त्याचं ओरडणं आलं, "बठ्ठी वही अक्कानी शे! मी एक अक्षर लिखेल नही! चोरीसन छापी!"

तेवढ्यात दिपमालाची होडी उलटली.

मी घळ सांगितली, ओरडून ओरडून सांगितली, आणि दगडांवरून घसरत खाली धावले. सगळे आत आले. दिपमालाला हितेंद्रने ओढून आणलं. तिचा उजवा हात खडकावर आपटून कोपराखाली वाकडा झाला होता. मी ओढणी फाडली आणि तिचा हात बांधायला बसले. बाकीचे थरथरत भोवती उभे होते.

हितेंद्रने तोंडावरचं पाणी पुसलं. आता तो घाबरलेला नव्हता.

"ऐकं ना बठ्ठासनी?" तो म्हणाला. "वही अक्कानी शे. मंग दुपारी बाराले उतरा, हाईबी अक्कानंच शे."

"तिथी तू गाळल्यास!" मी किंचाळले. "तिथीशिवाय त्या वेळेला काही अर्थ नाही!"

"मी उपास समजनू. तुम्हीच बोलनात ना फोनवर, हो रे, उपासच व्हतात."

वही माझी होती. आठ जणांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. जे मी त्याच्याकडून वदवून घेतलं, त्याच्या आड तो आता उभा होता, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"ताई," दिपमाला म्हणाली, "तुम्ही कव्हयपासून उभ्या व्हत्यात वर?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच आले म्हणता आलं असतं.

"अकरापासून."

माझ्या हातात अर्धवट राहिलेली गाठ तिने डाव्या हाताने सोडवली, ओढणी माझ्या मांडीवर ठेवली आणि मोडलेला हात सांभाळत बाजूला वळली.

"हितेंद्रभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही बांधा."