तिसरा रकाना

जाईबाईनं हातमोजा ओढून काढला आणि बोट नळाखाली धरलं. कचऱ्याच्या लाल पिशवीत सुई निघायलाच नको होती. सुया पांढऱ्या डब्यात टाकायच्या, हे भिंतीवर चित्रासकट चिकटवलेलं होतं. चित्र बघतं कोण? ज्याला टोचते तो.

"कोन्या वार्डाची पिशवी व्हय?" तिनं विचारलं.

"डायलिसिसची," सोबत कचरा वेचणारी पार्वताबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खिडकीजवळच्या पेशंटची मशीन वेगळी ठेवतेत ना, त्याले कावीळ बी हाय म्हणतेत."

जाईबाईनं नळ आणखी मोठा केला. तिचा भाऊ धर्मपाल याच काविळीनं गेला होता. शेवटी पोट ढोलासारखं, हातपाय काड्या.

ठेकेदाराचा सुपरवायझर स्वप्निल धावत आला. "मावशी, गवगवा नका करू. साबणानं धुतलं ना? बाहेरून धनुर्वाताचं घेऊन टाका. नोंद केली तर विचारतीन, बाई कधीपासून कामावर हाय. मी काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगतलं तर उद्या ना तुम्ही, ना मी."

कुणाला कायम करावं लागू नये म्हणून ठेकेदार दर पाचव्या महिन्याला सगळ्यांना दहा दिवस घरी बसवायचा आणि नव्या टोकन नंबरावर परत घ्यायचा. कागदावर जाईबाई वर्षातून दोनदा नव्यानं जन्माला यायची. नव्या माणसाला काविळीची लस द्यायचीच, हा एक नियम मात्र दवाखाना इमानानं पाळत होता. पहिला डोस, महिन्यानं दुसरा. तिसरा सहाव्या महिन्यात. जाईबाईला सहावा महिना कधी लागलाच नाही.

तिनं आपल्या डब्याच्या पिशवीतून आधार कार्डाची प्लास्टिकची थैली काढली. आत लसीची पाच कार्डं होती. पाचही कार्डांवर तिसरा रकाना कोरा. स्वप्निल मागून हाका मारत राहिला. ती थेट दामिनी सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि बोट पुढं केलं.

सिस्टरनं बोटाला कापूस बांधला आणि दंडातून रक्त घेतलं. "आजार आधीच आहे का ते कळेल, आणि लसीची ताकद आली की नाही तेही. रिपोर्ट चारला."

चार वाजेपर्यंत जाईबाईनं एकच व्हरांडा तीनदा पुसला. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, तसाच झाकून ठेवला. आरशात डोळे ताणून पाहिले. पिवळे होते का? ट्यूबलाइटच तसली होती.

चारला सिस्टरनं कागद वाचला. "आजार नाही. आणि ताकद भरपूर आहे. काविळीसाठी आता वेगळं इंजेक्शन लागणार नाही."

"तिसरा नाई झाला तरी?"

"अहो मावशी, घेतलेला डोस वाया जात नाही. राहिला तिथून पुढं घ्यायचा असतो. तुम्हाला दरवेळी पहिल्यापासून टोचलं. दहा सुया! तीनात काम झालं असतं."

जाईबाई स्टुलावर बसली. हसू आलं, तेही रागाचं.

सिस्टरनं अपघाताचं रजिस्टर उघडलं. "कामावर कधीपासून?"

"तीन महिने लिवा, सिस्टर," दारातून स्वप्निल म्हणाला. आत येऊन त्यानं कार्डांकडं हात केला. "हे जुने फेकाच लागतेत, मावशी. तिन्ही रकाने भरलेलं एकच नवं कार्ड करून देतो. द्या इकडं."

जाईबाईनं कार्डांवर पंजा ठेवला. टोचलेल्या बोटाचा कापूस लाल झाला होता.

"सिस्टर, याच्यावरचा शिक्का ह्याच दवाखान्याचा व्हय ना?"

"हो."

"अन् तारखा?"

"त्याही आमच्याच."

स्वप्निलचा हात हवेतच राहिला. सिस्टरनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढलं.

"पहिली तारीख सांगा."

जाईबाईनं सगळ्यात खालचं, घामानं कडा पिवळ्या पडलेलं कार्ड काढून वर ठेवलं.