मास्तरांचा निकाल

“काका, तुम्ही जरा तिकडे खिडकीपाशी उभे राहा बघू,” मॅडम तपासनिसाला म्हणाल्या.

कुत्र्यांचं कोरडं खाद्य बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासनिसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यातही म्हाताऱ्या कुत्र्यांचा माल ही त्याची खास मक्तेदारी. प्रथिनं पुरेशी आहेत ना, चरबी फार नाही ना, थकलेल्या मूत्रपिंडांना फॉस्फरस जड जाणार नाही ना, सगळं तो यंत्रावर चोख काढायचा. चव सांगणारं यंत्र मात्र कारखान्यात नव्हतं. त्यासाठी मास्तर होते.

मास्तर म्हणजे कारखान्यातच वाढलेला आणि तिथंच म्हातारा झालेला कुत्रा. मालाला पास-नापास करायचे म्हणून मास्तर. त्यांच्यापुढे दोन वाट्या ठेवायच्या, एकीत जुना माल, दुसरीत नवा. मास्तर ज्या वाटीत आधी तोंड घालतील तो माल सरस. कुत्र्याला एका बाजूची खोड असते म्हणून तपासनीस वाट्या डावी-उजवी आलटून-पालटून ठेवायचा. नव्या वाटीमागे तो स्वतः उभा राहायचा, म्हणजे मास्तर कसे खातात ते नीट दिसावं. आणि मास्तरांनी नवा माल कधी म्हणजे कधी नापास केला नव्हता.

ही तपासणी घरीही सुटत नसे.

“कशी झालीये भाजी?” बायको विचारायची.

“पाण्याचा अंश किंचित जास्त आहे. पण पचेल.”

“पचेल? माणसासारखं चांगली झालीये म्हणता येत नाही?”

“चांगली हा काही मोजता येण्यासारखा गुण नाही गं.”

यानंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच घासली जायची.

एवढ्यात मात्र तक्रारी येऊ लागल्या होत्या. पिशवीवरचे आकडे झकास, पण घरोघरची म्हातारी कुत्री त्या खाद्याचा वास घेऊन तोंड फिरवत होती. म्हणून मालकांनी पोषणशास्त्रातल्या या मॅडमना बोलावलं होतं. “पोटात गेलंच नाही तर पोषण कसलं, काका?” असं त्यांनी आल्याआल्या विचारलं होतं. मास्तर बिनकामाचे ठरले तर त्यांना कुत्र्यांच्या निवाऱ्यात धाडायचं, हेही मालक सांगून बसले होते. तपासनिसाचा जीव अडकला होता तो तिथं.

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मास्तर सावकाश उठले, दोन्ही भरल्या वाट्यांमधून डुलत डुलत निघाले आणि त्याच्या बुटावर येऊन बसले.

“आता जुन्या मालामागे उभे राहा.”

मास्तरांनी जुना माल खाल्ला.

मग मॅडमनी एक वाटी घासली, पुसून कोरडी केली आणि तपासनिसाच्या पायाशी ठेवली. भरलेली वाटी ठेवली समोरच्या भिंतीपाशी. मास्तरांनी क्षणाचाही विलंब न लावता ती रिकामी वाटी मनापासून चाटली, शेपूट हलवली आणि वर पाहिलं. पास!

“यांना बहुतेक वासच येत नाही आता,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तुम्ही असाल तिथं ते खातात.”

“म्हणजे मी इतकी वर्षं कुणाची चव पास करत होतो?”

“तुम्ही नाही हो, काका. ते तुम्हाला पास करत होते.”

तपासनिसाला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. इतकं प्रेम आपल्या पायाशी बसून होतं आणि आपण त्याला मालाचा दर्जा समजत होतो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

“निवाऱ्यात कशाला? माझं घर आहे की,” तो तावातावाने म्हणाला. घरात कुत्रं आलं तर मी बाहेर, हे बायकोचं जुनं वाक्य त्याला आठवलं ते मास्तरांना गाडीत बसवल्यावर.

बायको दारातच उभी होती. “हे कोण?”

“मास्तर.”

“आणि मी कुठं जायचं?”

तिनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं झालं होतं आणि मागचे पाय थरथरत होते.

“पायरी चढवत नाही त्याला, दिसत नाही का? उचला आधी!”

तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच तिनं गरम पाणी आणलं. “या वयात हे असले दगड चावायचे? अक्कल कुठं गहाण टाकलीत?” त्यानं सोबत आणलेल्या कोरड्या खाद्याचे दाणे भिजवून, गार करून तिनं वाटी पुढे सरकवली. मास्तर ढिम्म हलले नाहीत. मोरीकडे तोंड करून बसले, कारण तपासनीस तिथं हात धूत होता.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. रिकाम्या वाटीसकट.

“बसा त्याच्याजवळ,” ती म्हणाली. तो बसला. मास्तर जेवू लागले.

“तरीच!” ती हसत सुटली. “मी ताईकडे राहायला गेले होते तेव्हा डबे भरून ठेवले होते. आठवतंय?”

“खाल्ले की.”

“खाल्ले! परत आले तेव्हा जसेच्या तसे होते. तीच भाजी, तेच मीठ. काय कमी पडलं होतं त्यात?”

तिनं त्याचं ताट वाढलं आणि रोजच्यासारखी समोर बसली. ताईचे गुडघे, शेजारणीचा नळ, असं काहीबाही सांगत राहिली. तो जेवत राहिला.

“हं, सांगा. कशी झालीये?”

त्यानं खाली पाहिलं. ताट लख्ख होतं. भाजी कसली होती तेच त्याला काही केल्या आठवेना.

“अजून थोडी हवी,” तो म्हणाला.

ती उठायला लागली.

“नको, तू उठू नकोस,” तो घाईनं म्हणाला. “तू बस. मी आणतो.”

तो ताट घेऊन आत गेला, तसे मास्तर अर्धी वाटी तशीच टाकून त्याच्या मागोमाग निघाले.