काढणाऱ्यानेच बसवायचा काटा

आमच्या वर्कशॉपचा एक नियम आहे. मीटरचा काटा ज्यानं काढला, त्यानंच परत बसवायचा. तो किती घट्ट होता हे त्याच्याच बोटांना ठाऊक, असं बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात. या जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा त्यांनी काढला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

बाकीचं सगळं मी केलं. पेट्रोलचं मीटर, तेलाचं मीटर, भेगाळलेली बटणं. बाळ निजली की तेवढ्या वेळात. काटा मात्र डबीत तसाच होता. सुकलेल्या देठासारखा ठिसूळ, आणि मोडला तर दुसरा मिळायचा नाही. संध्याकाळी मालकीणबाई गाडी न्यायला येणार होत्या.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

मी मीटर त्यांच्यापुढे ठेवलं. बाळ त्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपली होती.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, कपातला चहा बशीत सांडतो तुमच्या हातून. कशाला हट्ट?"

"चहाला कुठे शून्यावर बसवायचंय?"



त्यांनी चिमट्यात काटा धरला. हात थरथरत खाली आला. 'मनगट धरू का?' अगदी ओठांवर आलं होतं, मी गिळलं. तसं म्हटलं असतं तर ते या टेबलाशी पुन्हा बसले नसते.

टोक घसरलं. चाळीस आणि साठच्या मधे, तबकडीच्या काळ्या रंगावर पांढरा ओरखडा उठला.

बाळ कुरकुरली. आम्ही दोघीही हललो नाही. बाबांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, श्वास रोखला आणि काटा मधल्या बारीक दांडीवर ठेवला. शून्यावर नाही, भलतीकडेच, तिसाच्या आसपास. चिमटा खाली ठेवला.

"वाकडा बसलाय," ते म्हणाले.

"हो."

"मग बघत काय राहिलीस? काढ."

मी काढला. बोटांना जोर लागलाच नाही. त्यांनी तो दाबलाच नव्हता, नुसता टेकवला होता. मी वर पाहिलं, तर ते चहाकडे बघत होते.

"आता तू काढलास ना? मग बसव."

बाळानं भोकाड पसरलं. "मी घेते तिला," म्हणत सासूबाई गाडीकडे धावल्या. मी काटा शून्यावर धरून अंगठ्यानं दाबला. कट्‌ असा आवाज झाला. मोडला! बोट उचललं, तर काटा अख्खा होता.

काटा नीट चालतो का बघायला बाबांनी डाव्या हातानं ड्रिल मीटरच्या मागे लावून फिरवलं. काटा चढत चढत चाळीसपर्यंत गेला, ड्रिल थांबताच सावकाश शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

फाटक वाजलं. मी घाईनं काळ्या रंगाची कुंचली उचलली.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "बाईंना मी सांगतो."

मालकीणबाईंनी मीटर उजेडात धरलं. "हा ओरखडा?"

"माझा. आजचाच. तुम्ही म्हणाल तर तेवढं रंगवून देतो."

त्यांनी मीटर जरा तिरकं करून पाहिलं. "काटा छान बसलाय. तुम्हीच बसवलात?"

बाबा माझ्याकडे वळले. "सांग की. एरवी तर तोंड बंद नसतं तुझं."