जोत्याच्या जाळ्या

विश्वेश्वरराव आमच्या समाजातलं मोठं प्रस्थ. घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळूरचं. समाजाच्या सहकारी सोसायटीत कमिटीवर त्यांचा शब्द चालायचा. सगळे त्यांना कानडी रीतीने 'रायरे' म्हणत. त्यांनी चौऱ्याण्णव साली होसूर रस्त्याच्या आत, बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर, भाड्याने द्यायला तीन घरं बांधली. मेस्त्री मीच होतो.

बांधकामाला सोसायटीचं कर्ज होतं, आणि सोसायटीचा एक छापील कागदही होता. भाड्याच्या घराची जमीन मातीवर टेकवू नये. खाली हातभर पोकळी ठेवावी. वारा खेळावा म्हणून जोत्याला पुढे दोन आणि मागे दोन भोकं पाडावीत, उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांना जाळी बसवावी. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. कारकुनाने कागद वाचून दाखवला. त्यात मला नवीन काहीच वाटलं नाही. माझा बाप तळ्याकाठी असंच बांधायचा. बुटक्या भिंती घालून त्यांवर दगडी लाद्या टाकायचा. लाद्यांखालून वारा जायचा.

मी दगड सांगितले तर विश्वेश्वरराव हसले.

"उमाजी, माणसं राहणार वर. खाली वाऱ्याला वेगळी खोली बांधतोस काय?"

"रायरे, ओल वर येईल."

"येऊ दे की. ओल यायला वेळ लागतो. भाडेकरू दोन वर्षांत जातो."

तळ्याची काळी माती फुकट मिळत होती. ती जोत्यात भरली, ठोकली, वर पातळ काँक्रीट टाकलं आणि लाल जमीन घोटली. घोटताना मी हात राखला नाही. तोंड दिसेल अशी जमीन झाली. ती बघायला लोक येत, आणि विश्वेश्वरराव माझ्या पाठीवर थाप मारत. खाली काय आहे ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मधल्या घरात पुण्याचं कुटुंब आलं. सुशांत इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला होता, सकाळी कंपनीच्या बसने जायचा. बायको नीरजा घरी शिकवण्या घ्यायची. सुशांतची आई कस्तुरीबाई, नुकत्याच विधवा झालेल्या. आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला: कार्तिकीपर्यंत खाटेवर झोपायचं नाही, जमिनीवर चटई टाकून झोपायचं.

श्रावणात मला गिलावा दुरुस्त करायला बोलावलं. भिंत गुडघ्यापर्यंत फुगली होती. कस्तुरीबाईंनी चटई उभी करून ठेवली होती. तिच्या खालच्या अंगाला हिरवट बुरशी धरली होती.

"मेस्त्री, ही जमीन घाम गाळते का हो?" त्यांनी विचारलं. "पोतेरं फिरवायची गरजच नाही. भाड्यात मोलकरीण धरलेली दिसते."

"आजी, खाटेवर झोपा."

"कार्तिकीपर्यंत नाही. तुमच्या जमिनीसाठी देवाकडे सवलत मागू?" त्या हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबला नाही. नीरजा पाणी घेऊन आली. तिने मला बाजूला नेलं.

"काका, डॉक्टर विचारतात ओल येते कुठून. खाली काय भरलंय?"

मी म्हणालो, "यंदा पाऊस फार आहे."

विश्वेश्वररावांनी यावर जमिनीभर रेक्झिन अंथरून दिलं आणि आजींच्या नेमाचं कौतुकही केलं. "आजकाल कोण करतं हो एवढं!" आठ दिवसांनी रेक्झिन उचललं तर खाली पाणी साचलेलं.

शिकवणीच्या एका मुलीचं घरही सोसायटीच्या कर्जातून बांधलेलं, तिथे नीरजाला सोसायटीचा तो छापील कागद सापडला. तिने तक्रार केली. सोसायटीचा नियम असा होता की तक्रार खरी ठरली, तर मालकाने भाडेकरूला दुसरी कोरडी जागा द्यायची आणि जमीन उखडून नियमाप्रमाणे करायची. या घरांच्या वर विश्वेश्वररावांचीच एक खोली रिकामी होती. कस्तुरीबाईंचा नेम तिथेही चालला असता.

तपासणीच्या आदल्या दिवशी विश्वेश्वरराव लोखंडाच्या चार जाळ्या घेऊन आले.

"जोत्याला बसव. दोन पुढे, दोन मागे."

"भोकं कुठं आहेत, रायरे?"

"चार बोटं खोल खण. सोसायटीचा इंजिनिअर हात घालून बघणार आहे होय?"

मी जाळ्या खाली ठेवल्या. ते जवळ आले.

"हे बघ उमाजी. जमीन कोणी केली? तू. उद्या उखडली तर माती कोणाच्या नावावर निघेल? लोक मला हसणार नाहीत. म्हणतील, उमाजी मेस्त्रीने चिखलावर घर बसवलं."

मी जाळ्या बसवल्या. प्रत्येक जाळीमागे चार बोटांवर बंद भिंत होती. बाहेरून पाहिलं तर आत काळोख दिसायचा, पोकळी असावी तसा.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, जाळ्या मोजल्या आणि म्हणाला, "मेस्त्रीचं लेखी लागेल." विश्वेश्वरराव मोठ्याने म्हणाले, "अंगठा नको हं. आमचा उमाजी आता लिहितो." हे खरं होतं. त्याच वर्षी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सोसायटीच्या संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं शिकलो होतो. तोवर नावाशिवाय कुठे काही लिहायची वेळ आली नव्हती.

नीरजा दारात उभी होती. आतून खोकला ऐकू येत होता. मी पायरीवर बसून लिहिलं: जोत्यात बुटक्या भिंती आहेत. त्यांवर दगडी लाद्या आहेत. खाली हातभर पोकळी आहे. चार भोकं आहेत, वारा खेळतो.

लिहिताना हात अडला नाही, याची मला आजही शरम वाटते. जे बापाने शिकवलं होतं, जे करायला हवं होतं, तेच मी उतरवत होतो. शेवटच्या ओळीपर्यंत ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

इंजिनिअरने शेरा मारला: भाडेकरू खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक करतात, त्यामुळे ओल. वरची खोली मिळाली नाही. सुशांतने दुसरं घर शोधायला घेतलं. नीरजाने सासूच्या अंथरुणाखाली पाट मांडले, ते त्यांनी काढायला लावले. पाटावर झोपणं म्हणजे खाटेवरच झोपणं, असं त्यांचं म्हणणं.

आश्विनात त्यांना इस्पितळात नेलं. फुप्फुसं भरली होती. कार्तिकीला बारा दिवस उरले असताना त्या गेल्या.

दिवस झाल्यावर कुटुंबाने घर सोडलं. सामानाचा टेम्पो भरत होता. मी मदतीला गेलो, म्हणजे जायला नको होतं तरी गेलो. नीरजाने पर्समधून सोसायटीने दिलेली नक्कल काढली.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मी एक महिना या पोकळीवर विश्वास ठेवला, काका. वाटायचं, वारा खेळतोय, तर चूक आमच्याकडूनच होत असेल. मग थंडी पडली तरी खिडक्या उघड्या ठेवायची. आई कुडकुडायच्या."

मी हातातलं गाठोडं टेम्पोत ठेवलं.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली आणि टेम्पोत बसली.

पुढच्या आठवड्यात विश्वेश्वररावांनी बोलावलं. नवे भाडेकरू ठरले होते, त्यांना फरशी हवी होती. मी पहारीने लाल जमीन फोडली. काँक्रीटची खपली निघाली आणि खाली काळा चिखल. बोट घातलं तर पाणी वर आलं.

"रायरे, आता उघडलीच आहे. दगड मागवू. चार दिवसांचं काम. मजुरी नको मला."

त्यांनी चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"वेडा झालास काय? सोसायटीच्या कागदावर दगड आहेत. तुझ्याच हातचा कागद. आता दगडांची गाडी दारात उतरवलीस, तर कमिटी विचारेल की आधीचे कुठे गेले?"

मी पहार भिंतीला टेकवली. बाहेर फरशांचा गठ्ठा येऊन पडलेला होता. विश्वेश्वरराव म्हणाले, "सरी, ठीक आहे, लाग कामाला. सोमवारी माणसं येतायत."

मी दोरी ताणली, पाणसळ लावली आणि त्या चिखलावर पहिली फरशी बसवली. ती अगदी सपाट बसली.