विकला नाही, ठेवलाय

मित्रांनो, मी एक हंडा. जुना आहे, पितळेचा आहे, वजनाला साडेपाच किलो आहे आणि रडायला मला वेळ नाही. तुमच्या निबंधाच्या वह्यांत त्या फाटक्या छत्र्या नि मोडक्या खुर्च्या आसवं गाळत बसतात, ‘आम्हाला जपा हो’ म्हणून. कीव येते मला त्यांची. मला माणसांनी जपलं, अगदी जिवापाड जपलं, आणि त्या जपण्यापायी एका पोरीचं शिक्षण बुडायला आलं होतं. शाळेत तुम्हाला सरळव्याजाची उदाहरणं घालतात. तुम्ही ती सोडवता, पैकीच्या पैकी मार्क आणता, आणि मोठे झालात की नेमकं उलटं वागता. म्हणून सांगतोय, कान उघडे ठेवून ऐका.

१९६४ साली पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावर मला ठोकून ठोकून घडवलं. गोदीत काम करणाऱ्या भिवा नावाच्या माणसाच्या भाचीचं, कमलचं, लग्न ठरलं होतं. भिवानं दुकानात येऊन मला चारी बाजूंनी टिचक्या मारल्या आणि रोख पैसे मोजून विकत घेतलं. दुकानाबाहेर भांड्यांवर नावं घालणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं माझ्या गळ्यावर टोचून टोचून लिहिलं, ‘चि. सौ. कां. कमल हिस मामा भिवा यांजकडून सप्रेम भेट’. अक्षरं वाकडी आली आणि ‘भेट’ला जागाच उरली नाही, ती खाली उतरवावी लागली. पुढचा सगळा घोळ या दीड ओळीनं घातला.

वरळीच्या बीडीडी चाळीत कमलाबाईच्या खोलीत मी अठरा वर्षं पाणी भरून उभा होतो. तिचा नवरा कोंडीराम गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. ती मला दर रविवारी चिंच लावून घासायची. कोण पाहुणा आला की आधी माझ्याकडे बघायचा, मग तिच्याकडे. “कमलाबाईचा हंडा बघा, नुसता आरसा!” मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू? पण त्या कौतुकानं चाळीच्या नळाला कधी एक थेंब जास्त आला नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. कोंडीराम म्हणाला, “महिनाभरात मिटतो बघ.” फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये घरात तांदूळ संपले, तेव्हा दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

“मोडीत घालू या,” कोंडीराम म्हणाला. “चार पैसे येतील.”

“मामाचं नाव हाय त्याच्यावर,” कमलाबाई ताडकन म्हणाली. “नाव विकू काय? चाळीत तोंड दाखवायला जागा राहील?”

“मग गहाण ठेवू. जयंतीच्या आत सोडवतो.”

कुठल्या सालच्या जयंतीच्या, ते मात्र तो बोलला नाही.

असा मी नाक्यावरच्या शेठच्या पेढीत आलो. माझ्यावर एकशेवीस रुपये मिळाले, व्याज महिन्याला पाच रुपये. पाच रुपये म्हणजे काय, चहा-बिडीचे पैसे, असं वाटलं त्यांना. शेठच्या फळीवर माझ्यासारखे चाळीस हंडे-कळश्या उपड्या घातलेल्या होत्या आणि एकूण एक भांड्यावर नाव होतं. कुणाच्या मावशीचं, कुणाच्या मोठ्या भावाचं, कुणाच्या सासऱ्याचं. साधं बिननावाचं भांडं लोक सरळ विकून मोकळे होत. नाव असलेलं विकायला जीव धजत नसे, म्हणून ते गहाण पडे. शेठला हे पक्कं ठाऊक होतं. तो भांडं हातात घेतलं की आधी गळा बघायचा आणि नाव दिसलं की त्याची कळी खुलायची.

संप काही मिटला नाही. कोंडीरामला गिरणीनं परत घेतलं नाही आणि तो भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलायला लागला. कमलाबाई प्रभादेवीच्या एका सोसायटीत चार घरची भांडी घासायची आणि त्यातले पाच रुपये दर महिन्याला शेठसमोर ठेवायची. दुसऱ्यांची भांडी घासून स्वतःच्या भांड्याचं भाडं भरणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. पेढीत शेजारीण भेटली तर ती पदर सावरून म्हणायची, “विकला नाही हां, ठेवलाय.” शेजारीणही तिथं काही फिरायला आलेली नसायची. तीसुद्धा म्हणायची, “आमचीपण कळशी ठेवलीय.” मग दोघी मान ताठ करून घरी जायच्या. शहाण्याच दोघी!

चौऱ्याऐंशीत तर कहर झाला. तिच्या पुतणीचं लग्न निघालं. कमलाबाईनं शेजारच्या सुंदराबाईकडून एकशेवीस रुपये हातउसने आणले, मला दोन दिवसांसाठी सोडवलं, वऱ्हाडाला माझ्यातलं पाणी पाजलं, आणि तिसऱ्या दिवशी मला परत गहाण टाकून सुंदराबाईचे पैसे फेडले. वऱ्हाडातल्या एका तरी माणसाला आठवत असेल का, आपण पाणी कशातलं प्यालो ते? घसा ओला झाला, लोक पंगतीला बसले.

आता सत्याऐंशी साल. जूनचा शेवटचा शनिवार, दुपारचे दोन वाजलेले. कमलाबाई पेढीत आली ती मुलीला घेऊन. विशाखा तिचं नाव, नुकतीच बारावी झालेली. हातात लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म होता. दादरच्या त्या संस्थेत साडेतीनशे रुपये फी भरायची होती आणि तोच शेवटचा दिवस होता. खिडकी पाच वाजता बंद होणार होती. नशीब बघा, चाळीतल्या वीस बायकांची दर महिन्याला वीस-वीस रुपयांची भिशी असायची आणि त्या महिन्याची चिठ्ठी कमलाबाईच्या नावाची निघाली होती. चारशे रुपये तिच्या कमरेच्या पिशवीत होते. शहाण्या माणसानं सरळ दादरची बस धरली असती.

कमलाबाई काय म्हणाली ऐका. “शेठ, हंडा काढा. भिवामामा येतोय उद्या गावावरनं, मोतीबिंदू काढायला. महिनाभर राहील. त्यानं पहिलं पाणी मागितलं आणि हंडा दिसला नाही तर मी काय सांगू?”

“मुद्दल एकशेवीस, सहा महिन्यांचं थकलेलं व्याज तीस. दीडशे झाले, बाई.”

तिनं नोटा काढल्या. मी फळीवरून बघत होतो आणि मला तिचा अस्सा संताप आला! चारशेतून दीडशे गेले की उरतात अडीचशे. एवढं पहिलीतलं पोरही सांगेल.

“आई, मग फी?” विशाखा म्हणाली.

“पुढच्या वर्षी भरू.”

“हंडा पुढच्या वर्षी सोडव ना मग!”

“तुला नाही कळायचं. माणसाची अब्रू असते.”

पोरगी गप्प बसली नाही. शेठकडे वळली. “शेठ, आईनं आतापर्यंत किती व्याज भरलं?”

शेठनं वही चाळली. “सत्तावन्न महिने. दोनशे पंच्याऐंशी.”

“आणि असा नवा हंडा केवढ्याला मिळतो?”

“तीनशेला,” शेठ म्हणाला. खोटं बोलायची त्याला गरजच नव्हती.

विशाखा आईला म्हणाली, “म्हणजे जवळजवळ एका नव्या हंड्याचे पैसे तू यांना देऊन बसलीस. आणि हा अजून यांच्याच फळीवर आहे.”

कमलाबाई नोटा हातात धरून उभी राहिली. पाच वर्षं पाच-पाच रुपये देताना तिनं ती बेरीज कधी केली नव्हती. केली असती तर झोप उडाली असती, म्हणूनच केली नव्हती. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही बया गळ्यात गळा घालून रडणार आणि मला घेऊन जाणार.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “शेठ, मोडीत किती देणार?”

मला तराजूत घातलं. एकशे नव्वद. त्यातून शेठचे दीडशे वळते झाले आणि चाळीस रुपये उलट तिच्याच हातात आले. पाच वर्षं जे मानेवर बसलं होतं ते पाच मिनिटांत उतरलं. “पळ,” ती लेकीला म्हणाली, आणि साडेतीनशे रुपये मुठीत घेऊन विशाखा पळाली.

सोमवारी कमलाबाई पुन्हा आली. बरोबर काठी टेकत भिवामामा. त्यानं येताच पाणी मागितलं असणार आणि तिनं सगळं सांगून टाकलं असणार, कारण तिचं तोंड उतरलेलं होतं. शेठचा माणूस कानस घेऊन मला मांडीवर घेऊन बसला होता. गळ्यावर दुसऱ्याचं नाव असलेला हंडा गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून ते घासून काढायचं होतं.

म्हाताऱ्यानं मला चाचपलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. “हाच,” तो म्हणाला. “फी भरली ना पोरीची?”

“भरली, मामा. पण तुमची वस्तू...”

“माझी कसली गं? गोदीतल्या मुकादमाकडून व्याजानं पैसे काढून घेतला होता. लग्नात रिकाम्या हातानं कसं जायचं, लोक काय म्हणतील, म्हणून. तीन वर्षं फेडत होतो. तुझी मामी उपाशी झोपायची त्या दिवसांत. तुला कधी बोललो नाही, लाज वाटायची.”

 तेवीस वर्षं कमलाबाई मामाची अब्रू सांभाळत होती आणि मामा तिची.

शेठच्या माणसानं कानस लावली. ‘कमल’वर ती फिरणार, तोच म्हातारा ओरडला, “थांब!” कमलाबाईला वाटलं, आता हा अडवणार. तो म्हणाला, “आधी माझं नाव घास. पहिला येडा मी.”

आणि मित्रांनो, ती दोघं पेढीच्या पायरीवर बसून हसायला लागली, पार ठसका लागेपर्यंत. त्या दिवसापर्यंत मी माणसांना कधी मानलं नव्हतं. त्या दोघांना तेवढं मानतो.

माझा गळा आता कोरा आहे. भायखळ्याच्या एका खानावळीत पाणी भरून उभा असतो, लोक पाणी पितात आणि माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. छान चाललंय माझं. तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती, मला जपू नका. जी वस्तू ठेवायला तिच्या किमतीहून जास्त पैसे मोजावे लागतात ती विका, आणि लोक काय म्हणतील असं मनात आलं की आधी त्या लोकांचं शेठच्या फळीवर काय काय उपडं पडलंय ते बघून या.